रकाना नंबर अकरा

४ जुलै १९८१, शनिवार

आजपासून कॉलेजच्या मोफत कायदा सल्ला केंद्रात रुजू. फायनल इयरला सक्तीचं आहे, नाहीतर माझ्यासारख्या माणसाने सायकल स्टँडशेजारच्या त्या खोलीत पाऊल टाकलं नसतं. एक टेबल, दोन बाकं, एक कपाट. कपाटाची किल्ली गुळवणी सरांच्या जानव्याला. यावरून केंद्राची एकंदर पातळी कळावी.

सरांनी सायक्लोस्टाइल केलेली नियमावली वाटली. सव्वीस नियम! अशिलाची हकीकत त्याच्याच शब्दांत लिहावी. मग आपण शिकलो कशाला? लिहिलेलं वाचून दाखवावं आणि अशील 'व्हय' म्हणेपर्यंत पुन्हा पुन्हा वाचावं. मूळ कागद ठेवून घेऊ नये, पण अशील उठण्याआधी हाताने नक्कल करून घ्यावी. पुढची तारीख सांगताना त्याच्या गावच्या बाजाराचा वार सांगावा. हे वकील घडवतायत की कारकून? कारकून मी घरात बघतोच आहे, जन्मापासून.

नियम चौदावर तर कळस. मोडीतला कागद आल्यास श्री. द. गो. हेर्लेकर, निवृत्त रेकॉर्ड कारकून, यांना निरोप पाठवावा. हे श्री. म्हणजे आमचे अण्णा. धोतर, काळी टोपी, कानावर पेन्सिल. सरांनी हा नियम वाचताना माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं. हेर्लेकर आडनावाची माणसं कोल्हापुरात पुष्कळ असतील.

५ जुलै, रविवार

संकल्प. पहाटे पाचला उठणे. एव्हिडन्स ॲक्ट रोज वीस पानं. मिसळ बंद. इंग्रजीतून विचार करणे. सनद मिळाल्यावर दोन वर्षं इथे काढून थेट हायकोर्ट.

आज उठलो साडेआठला. पावसाळ्यात पहाट कळतच नाही, त्याला मी काय करू? मिसळ खाल्ली. बंद उद्यापासून आहे.

केंद्रात माझ्या जोडीला कालिंदी आहे. हेडमास्तरांची मुलगी. काल तिचं काम बघितलं. अशील आला की आधी पाणी, मग जेवलासा का, म्हस किती दूध देते, पोरगी कुठं दिली. पाऊण तास! कायद्याचा एक शब्द नाही. मग तोच माणूस म्हणेल ते शाळकरी पोरीसारखं वहीत उतरवून घेते. दिसायला बरी आहे, पण व्हिजन नाही. तिला एकदा खरं ड्राफ्टिंग काय असतं ते दाखवलं पाहिजे.

११ जुलै, शनिवार, रात्री

माझी पहिली केस!

अशील शालूबाई, शिरोळकडच्या एका गावची. साठीची असेल. पहाटेच्या एस.टी.ने आली, ओलं लुगडं, काखेत पिशवी. ओट्यावर बसली होती, हाक मारून आत घेतली. आल्या आल्या मला म्हणाली, लेकरा, वकीलसाहेब कुठं हायती? मी सांगितलं, समोर बसलेत. आणि यापुढे साहेब म्हणायचं. म्हणाली, बरं लेकरा.

हकीकत अशी. नवरा गेल्या वर्षी वारला. मूलबाळ नाही. गावठाणात घर, त्यातल्या दोन खोल्या आणि मागचं परडं नवऱ्याच्या वाटणीचं. धाकटा दीर आकाराम आता म्हणतो की वाटणी कधी झालीच नाही, सगळं घर माझं. पंचायतीच्या उताऱ्यावर त्याने एकट्याचं नाव लावून घेतलं. दसऱ्यापर्यंत खोल्या मोकळ्या कर म्हणतो. हिने हरकत घेतली आहे, शिरोळच्या कचेरीत सुनावणी होईल. एवढं सांगायला तिने बैलाच्या दुखण्यापासून सुरुवात केली. मी तिसऱ्या मिनिटाला थांबवलं. तिच्या शब्दांत लिहायचा नियम आहे खरा, पण तिचे शब्द लिहिण्यासारखे नव्हते. मी माझ्या शब्दांत लिहिलं. 'अर्जदार विधवा असून प्रतिपक्षाच्या दुष्ट हेतूने तिच्या निर्वेध वहिवाटीस बाधा उत्पन्न झाली आहे.' वाचून दाखवलं. 'व्हय' म्हणेना, नुसती बघत राहिली. भारावली असणार.

पुरावा आहे! सासऱ्याने मरण्याआधी केलेलं वाटणीपत्र, दोघा भावांच्या सह्या. पत्र्याच्या पेटीत होतं, तिने नवऱ्याच्या जुन्या फेट्यात गुंडाळून आणलं. दिराला वाटतं ते केव्हाच वाळवीने खाल्लं. म्हणजे हुकमाचा एक्का आमच्या हातात.

कागद उघडला. मोडी. मी वाचला. म्हणजे सगळीकडे नजर फिरवली. सराईत डोळ्याला अक्षर लावत बसावं लागत नाही, एकंदर आशय कळतो. पूर्वेकडच्या दोन खोल्या आणि परडं, असा आशय आहे.

नियमाप्रमाणे इथे मोडीवाचकाला बोलवायचं. आता गंमत म्हणजे अण्णा त्या वेळी बाहेर ओट्यावरच बसले होते. मी छत्री विसरलो म्हणून मंगळवार पेठेतून चालत छत्री घेऊन आलेले. काय गरज होती? एका माणसाच्या भिजण्याने कायद्याचं काय अडतं? आणि वर दोन छत्र्या असून स्वतः अर्धे भिजलेले. कालिंदीने विचारलं, ते कोण बसलेत. मी म्हटलं, आमच्या ओळखीचे आहेत एक. आता त्यांनाच आत बोलवून टेबलाशी बसवायचं, चष्म्याला दोरा बांधलेल्या माणसाला, आणि ते तिच्यासमोर मला 'बाळू, जरा उजेडाकडे सरक' म्हणणार? अशक्य. बाहेर जाऊन छत्री घेतली आणि त्यांना घरी जा म्हणून सांगितलं. गेले.

रजिस्टरमध्ये लिहिलं, 'दस्तऐवज पाहिला व वाचला. मजकूर सोपा. नक्कल अनावश्यक.' कागद तिला परत दिला, पेटीत ठेव म्हटलं.

फॉर्म भरून घेतला. रकाना नंबर अकरा, 'अशिलास आलेले पत्र कोण वाचून दाखवेल?' काय हा प्रश्न! एका ज्येष्ठ स्त्रीला विचारायचं की तुला वाचता येतं का? सभ्यता म्हणून काही आहे की नाही? मी 'स्वतः' लिहिलं. तिने खाली अंगठा उठवला. शाई जास्त झाली, माझ्या बाहीला लागली.

१२ जुलै, रविवार

आज एव्हिडन्स ॲक्ट दोन पानं. त्यात एक अनुक्रमणिकेचं. पहाटेचं उठणं पावसाळा संपल्यावर.

अण्णांनी जेवताना विचारलं, ओट्यावरच्या त्या बाईचं काम झालं का. म्हटलं, झालं. ते म्हणाले, चांगली बाई आहे, मला शेंगा दिल्या. या माणसाची झेप शेंगांपर्यंत.

१५ जुलै, बुधवार

सुनावणीची तारीख लागली, ११ ऑगस्ट. अशिलाला कळवायचं काम माझ्याकडे. नियम म्हणतो दोन ओळींचा निरोप द्यावा, गाव लांब असेल तर स्वतः जाऊन सांगावं. एस.टी.ने शिरोळ तालुक्यात, चिखलात, दोन ओळी सांगायला! मी पत्र लिहिलं. फुलस्केप, पाच पानं. आयुष्यात इतकं चांगलं लिहिलं नव्हतं. पहिलंच वाक्य अकरा ओळींचं आहे आणि कुठेही तोल जात नाही.

पत्रात आमचा सगळा पवित्रा मांडला. वाटणीपत्र हाच आपला एकमेव आधार आहे, त्याची दुसरी प्रत नाही, प्रतिपक्षास त्याच्या अस्तित्वाची जाणीव नाही, सबब सुनावणीच्या दिवशी ते अकस्मात पुढे करून त्यास निरुत्तर करावयाचे आहे. अशिलाला स्ट्रॅटेजी कळली पाहिजे, ही आधुनिक पद्धत आहे. शिवाय माझ्या दूरदृष्टीचा एक मुद्दा. पत्र्याच्या पेटीत गंज, उंदीर. म्हणून स्पष्ट लिहिलं, 'तोपर्यंत सदर कागद आपल्या घरातील एखाद्या साक्षर व जबाबदार पुरुषाच्या स्वाधीन करावा.' हे कालिंदीला सुचलं असतं का?

पत्र सरांना दाखवून मगच टाकायचं असतं. सर पुण्याला लग्नाला गेलेत. त्यांच्यासाठी अशिलाचं हित थांबवून ठेवायचं का? टाकलं.

१८ जुलै, शनिवार

कालिंदीने माझं रजिस्टर चाळलं. न विचारता! म्हणाली, अंगठा उठवणाऱ्या बाई पत्र स्वतः कसं वाचतील? मी म्हटलं, सही येणं आणि वाचता येणं या दोन भिन्न गोष्टी आहेत. तिने पान उलटलं. निरुत्तर झाली. मग म्हणाली, निदान मोडी कागदाची नक्कल तरी करून घ्यायचीत. मी हसलो. काही माणसांना नक्कलच कळते.

ती स्वतः आज एका म्हाताऱ्याबरोबर एस.टी. स्टँडपर्यंत गेली, त्याला गाडीत बसवायला आणि तारीख पुन्हा सांगायला. जोतिबाच्या खेट्याला जाणाऱ्याला सांगावं तसं, आजपासून तिसरा आयतवार, त्याच्या दुसऱ्या दिवशी. हसावं की रडावं?

२३ जुलै, गुरुवार

विजय! केंद्राच्या पत्त्यावर कार्ड आलं. इथल्या इथे उतरवून ठेवतो.

'आपले कृपापत्र पोचले. वहिनींना अक्षर अन् अक्षर वाचून दाखविले. आपल्या सल्ल्याप्रमाणे कागद घरातील जबाबदार माणसाच्या ताब्यात आहे. काळजी नसावी. कळावे, लोभ असावा. आपला, आकाराम.'

अक्षर काय सुंदर! मोत्याच्या ओळी. कोण म्हणतं खेड्यात माणसं मागासलेली आहेत? माझ्या भाषेची जात ओळखणारा एक तरी निघाला. वहिनी म्हणतोय म्हणजे घरोबा दिसतो. आकाराम हे नाव कुठेतरी वाचल्यासारखं वाटतं, पण तिकडे ते घरटी एक असतं.

उलट टपाली आभाराचं कार्ड टाकलं. असेच सहकार्य असू द्यावे, असं लिहिलं. कालिंदीला सांगायचं होतं, पण ती कुणाच्या तरी म्हशीच्या दुखण्यात गुंतली होती.

८ ऑगस्ट, शनिवार

सर मंगळवारी स्वतः शिरोळला येणार. मी फाइल घेऊन सोबत. त्यांनी विचारलं, तयारी आहे ना. म्हटलं, सर, तयारी असं नाही, निकाल लागलाय म्हणा. कालिंदीही येणार म्हणते. येऊ दे. बघू दे.

रात्री आरशासमोर उभं राहून 'हा पाहा तो कागद' असं सात वेळा म्हटलं. अक्का स्वयंपाकघरातून ओरडली, कुठला कागद, वाण्याचा का? आईला आपण अक्का म्हणतो म्हणून ती काहीही बोलू शकते असं नाही. या घरात राहून कोणी मोठं झालेलं नाही.

११ ऑगस्ट, मंगळवार

लिहावंसं वाटत नाही.

कृष्णेला पाणी चढलेलं, गाडी उशिरा पोचली. शालूबाई कचेरीच्या पायरीवर बसलेली. रिकाम्या हाताने. सरांनी विचारलं, कागद? ती म्हणाली, त्येंच्याजवळ हाय की. आणि बोटाने दाखवलं.

कडक टोपी, पांढरा सदरा, खिशाला पेन. हजेरीच्या कागदावर सही करत होता. अक्षर मी लांबूनच ओळखलं.

तिचा दीर. रकाना नंबर सहा, प्रतिपक्ष, आकाराम. माझ्याच हस्ताक्षरात.

शालूबाई अधिकाऱ्यांपुढे सरळ सांगत गेली. साहेबाचं पत्र आलं. घरात वाचणारं ह्योच एकटं. त्यानं वाचलं, घरातल्या शिकल्या-सवरल्या बाप्याकडं कागद द्या म्हून साहेबानं लिवलंय. मी दोनदा इचारलं, खरंच लिवलंय? तर त्यानं वळ दाखवली बोटानं. म्हून दिला. साहेब चुकंल व्हय?

आकाराम म्हणाला, कसला कागद? म्हातारपणी भ्रम होतो माणसाला.

त्याने खोटंसुद्धा वाचलं नाही हो! माझी ओळ जशीच्या तशी वाचली.

अधिकाऱ्यांनी नक्कल मागितली. सरांनी रजिस्टर उघडलं. 'नक्कल अनावश्यक.' सरांनी ते दोनदा वाचलं. मग मला विचारण्यात आलं, तुम्ही वाचलाय ना, काय होतं त्यात? मी म्हटलं, पूर्वेकडच्या दोन खोल्या. शालूबाईने कपाळावर हात मारून घेतला. मावळतीच्या रं लेकरा, मावळतीच्या, म्हणाली.

उतारा आकारामच्या नावावर कायम. काही म्हणणं असेल तर दिवाणी कोर्टात जा.

परतीच्या गाडीत सर पूर्ण वेळ खिडकीबाहेर बघत होते. आकाराम निघताना मला नमस्कार करून गेला. लोभ असावा म्हणाला.

१२ ऑगस्ट, बुधवार

शांतपणे विचार केला. दोष कोणाचा?

एक तर निरक्षरता. ही माझी निर्मिती नाही. दुसरं, पोस्टखातं. पत्र ज्याच्या नावे त्याच्याच हातात द्यायला नको? तिसरं म्हणजे फॉर्मचं सायक्लोस्टाइल फिकं आहे, रकाना अकरा नीट उठलेलाच नाही. आणि बाईने तरी एक शब्द बोलायचा होता की वाचता येत नाही म्हणून. न येणारी गोष्ट माणसाने सांगितली पाहिजे. लपवायची कशाला?

मिसळ खाल्ली नाही. गेलो होतो, पण दारातूनच परत फिरलो.

१३ ऑगस्ट, गुरुवार

अण्णांनी जेवताना विचारलं, शिरोळचं काय झालं. आधी आमटी वाढून घेतली. मग सांगितलं. कागद कसला होता म्हणाले. म्हटलं, मोडी.

त्यांचा घास हातात राहिला. कधी आणला होता म्हणाले. म्हटलं, अकरा जुलै. तुम्ही छत्री घेऊन आलात तेव्हा.

वाटलं होतं, ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं, मला उत्तर देता आलं असतं. ते एवढंच म्हणाले, पाच मिनिटांचं काम होतं रे बाळू. मग हात धुतला. भात तसाच ताटात.

२२ ऑगस्ट, शनिवार

दिवाणी दाव्यासाठी माझा जबाब लागणार. कागद होता हे पाहिलेला, शालूबाई आणि दीर सोडले तर मी एकटाच. सर म्हणाले, जबाब कालिंदी घेईल. मी रात्रभर जागून सात पानी मसुदा केला होता, खिशात होता. 'परिस्थितीच्या विपरीत योगामुळे' अशी सुरुवात होती. कालिंदीने हात पुढे केला नाही. म्हणाली, तुमच्या शब्दांत सांगा, मी लिहिते. आणि माझ्यासमोर पाण्याचा तांब्या ठेवला. जेवलात का, म्हणाली.

मला अशिलाच्या बाकावर बसवलं. शालूबाई शेजारी. ती आज परत आली होती, त्याच पहाटेच्या गाडीने.

कालिंदीने विचारलं, कागदात काय लिहिलं होतं? मी म्हटलं, एकंदर आशय असा की. ती म्हणाली, आशय नको. वाचलात का? मी म्हटलं, पाहिला. ती थांबली. पेन उचलून धरलेलं. बाहेर कुणाची तरी सायकल पडली, तिकडे बघायची सोय झाली, पण सायकल उचलल्यावर पुन्हा तोच प्रश्न.

म्हटलं, मला मोडी वाचता येत नाही.

शालूबाई माझ्याकडे वळली. मला वाटलं आता शिव्या घालणार, आणि घालायला हव्यात. तर म्हणाली, मग माझ्यासारखंच की रं तुझं. आधी सांगायचं न्हाईस व्हय? भाईर त्यो छत्रीवाला म्हातारा बसलाता, त्यो म्हनत हुता मला मोडी येती. मी फेट्याची गाठ सोडायलाच लागलेली, तेवढ्यात तू हाक मारलीस. दोघं मिळून त्याच्याकडनं वाचून घेतलं असतं की लेकरा.

कालिंदीने विचारलं, तो म्हातारा कोण? इथला मोडीवाचक का? ओळखीचे आहेत म्हणाला होतात.

हेही लिहायचं का, मी विचारलं. ती म्हणाली, खरं असेल तर.

मग तिने वाचून दाखवलं. माझ्या सात पानांच्या सात ओळी झाल्या होत्या. मी शालूबाईंचा मोडी कागद पाहिला. मला मोडी वाचता येत नाही. वाचला असं मी खोटं लिहिलं. नक्कल केली नाही. पत्र कोण वाचणार ते विचारलं नाही, आणि कागद दुसऱ्याकडे द्या असं मीच लिहिलं. मोडीवाचक त्या वेळी बाहेर ओट्यावर बसले होते. ते माझे वडील आहेत, मला त्यांची लाज वाटली म्हणून बोलावलं नाही.

शालूबाई मान हलवत ऐकत होती. म्हणाली, हितला मला समजलेला ह्यो पयलाच कागद. आता ह्यानं खोल्या मिळतील का? सर म्हणाले, सांगता येत नाही. ती बरं म्हणाली. दसरा दीड महिन्यावर आहे.

कालिंदीने मला विचारलं, बरोबर आहे का. मी काही बोललो नाही, तेव्हा तिने नियमाप्रमाणे पुन्हा पहिल्यापासून वाचलं, सावकाश. शेवटची ओळ आली आणि दारात अण्णा उभे दिसले, काखेत माझी छत्री. किती वेळ उभे होते कोण जाणे.

तिने तिसऱ्यांदा वाचायला घेतलं, तेव्हा मी व्हय म्हणालो.